पवित्र गाय आणि रात्रीची लाईन

गुरुवार

विदर्भ एक्स्प्रेस मला धामणगावला उतरवून पहाटेच्या अंधारात निघून गेली. प्लॅटफॉर्मवर मी, एक बॅग आणि बॅगेत टाइप केलेल्या कागदांचे गठ्ठे. ठाण्याहून निघताना स्वेटर घेतला नव्हता. ठाण्यात जानेवारी कळत नाही. इथे कळला. टपरीवाल्याने चहाचा ग्लास हातात देत विचारलं, "बाहेरगावच्या का?" माझा जन्म इथून दोन तासांवरचा, पण दात वाजत असताना कोण वाद घालणार. "हो" म्हटलं.

यवतमाळची एसटी मिळाली, बायकांचं अर्धं तिकीट. स्टँडवर आलुबोंडा खाल्ला आणि दुसरी एसटी धरली. लहानपणी मुर्तिजापूरकडून आजोळी यायचं तर शकुंतलेने यायचं, त्या गाडीतून उतरून पळत पुढे जाता येतं असं म्हणायचे. आता ती बंद आहे. रस्त्याच्या कडेला कुठे फरदड ठेवलेली पऱ्हाटी, कुठे सोंगलेल्या तुरीचे ढीग. हरभरा मात्र हिरवागार, गुडघ्याच्या खाली.

तालुक्याचं हे गाव माझं आजोळ. त्याचं नाव इथे लिहीत नाही. टॉकीजवाल्या भाऊंनी बजावलंय, "नाव टाकलं त ताई, पुढच्या वर्षी पन्नास जन फुकट पासासाठी फोन करतीन."

टॉकीज जुनं. थर्ड, फर्स्ट, बाल्कनी. एका बाजूला अजून 'स्त्रिया' अशी पाटी आहे, मधली भिंत पाडून वीस वर्षं झाली तरी. प्रोजेक्टर रूममध्ये डिजिटल यंत्राच्या बाजूला जुनी दोन धुडं चादर पांघरून उभी आहेत. ऑपरेटर काकांनी चादर सारून आतली कार्बनच्या कांड्यांची जागा दाखवली. दोन कांड्यांमधलं अंतर हाताने सांभाळायचं, जराही ढळलं की पडद्यावरची हिरॉइन पिवळी पडायची. "आता काय, बटन दाबा अन् झोपा," म्हणाले. झोपत मात्र नाहीत, हे पुढे कळलं.

दिवाळीत भाऊंनी मला सहज विचारलं होतं, "तुम्ही शिकवता ते फ्रेंच, त्यायचे पिक्चर आपल्याकडं चालतीन का?" मी म्हटलं होतं, नाही. त्यांनी ते आव्हान म्हणून घेतलं. मग हक्कांची, परवानग्यांची पत्रापत्री झाली. तीन महिने गेले त्यात, सांगण्यासारखं काही नाही. ठरलं असं: पाच रात्री पाच नवे फ्रेंच सिनेमे, रविवारी दुपारी शाळेच्या मुलांसाठी एक जादा. तिकीट तीस रुपये. पडद्यावर इंग्रजी सबटायटल येणार आणि मी थर्डच्या कोपऱ्यात माईक घेऊन मराठीत संवाद वाचणार. मूकपटांच्या जमान्यात फ्रान्समध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस असायचा, त्याला 'बोनिमांतर' म्हणत. भाऊंना हा शब्द फार आवडला. रिक्षावरच्या भोंग्यातून गावभर "मुंबईच्या बोनिमांतर मॅडम" असं फिरून आलं. जिच्याकडे उतरले त्या काकूला वाटलं ती पदवी आहे.

रात्री काकूकडे सोल्याची आमटी, भाकर, ठेचा. गठ्ठे पुन्हा वाचत बसले. एका सिनेमात हजार-बाराशे ओळी असतात. त्या सगळ्या वाचल्या तर प्रेक्षकाला नटाचा आवाजच ऐकू येणार नाही. म्हणून मी तिसरा हिस्सा ठेवला होता, शुद्ध, नेटका, घासूनपुसून.

शुक्रवार

'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो', २०२४चा. फ्रान्समध्ये नव्वद लाखांवर तिकिटं खपली याची. लांबी १७८ मिनिटं. मी घाबरत घाबरत काकांना म्हटलं, तीन तास लोक बसतील ना? काकांची सासुरवाडी झाडीपट्टीतलं वडसा. ते हसले. "झाडीपट्टीत नाटक रात्री दहाला लागते, अन् पाखरं बोलू लागली का संपते. तीन तासाचं काय सांगता."

खरा प्रश्न निघाला तो मध्यंतराचा. फ्रेंच सिनेमाला मध्यंतर नसतं. भाऊ म्हणाले, मध्यंतर नाही तर चहा-बोंडा नाही, अन् चहा-बोंडा नाही तर टॉकीज नाही. मी दिग्दर्शकाच्या वतीने पाचेक मिनिटं भांडले. शेवटी काका म्हणाले, "जागा मी पाहतो." त्यांनी पाहिली. एदमों दांतेसला ऐन लग्नाच्या दिवशी धरून मार्सेयसमोरच्या बेटावरच्या किल्ल्यात डांबतात. वर्षानुवर्षं तो तिथेच. शेजारच्या कोठडीतला म्हातारा पाद्री मरतो, त्याच्या प्रेताच्या जागी हा पोत्यात शिरतो आणि शिपाई ते पोतं समुद्रात भिरकावतात. काळं पाणी, पोतं खाली जातंय, आणि फटकन दिवे लागले. थर्डमधून शिट्ट्या. पॅरिसमधल्या कुठल्या एडिटरला ही जागा विचारली असती तरी याहून चांगली सांगितली नसती.

माझं काय झालं ते सांगायला हवं. मध्यंतरापर्यंत मी घासूनपुसून वाचत होते. "महाशय, आपण माझ्यावर अन्याय करीत आहात." "हे ईश्वरा, मला मार्ग दाखव." तेवढ्यात अंधारातून एक शांत, खरोखर मदतीच्या सुरातला आवाज आला, "बाई, मराठीत सांगा ना."

टॉकीज फुटलं हसून. मीही हसले, माईक चालू होता.

उत्तरार्धात आवाज बदलून पाहिला, पण लिहिलेलं समोर असलं की जीभ लिहिलेलंच बोलते. एका ठिकाणी मात्र कागद उपयोगी पडला. लग्नाआधी 'तू' म्हणणारे दोघं वीस वर्षांनी भेटतात, ती आता दुसऱ्याची बायको, हा सूड घ्यायला आलेला सरदार. आता दोघं 'व्हू' म्हणतात, म्हणजे तुम्ही. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हीकडे 'यू' असल्याने हे मरून जातं. मराठीत "तुम्ही कशा आहात?" म्हटलं आणि पुढच्या रांगेतली बाई हळूच म्हणाली, "माय, तुम्ही म्हनते आता."

घरी जाऊन गठ्ठे बाजूला ठेवले. पेन्सिल घेतली आणि शनिवारच्या सिनेमाच्या समासात वऱ्हाडी लिहायला लागले. ठाण्यात तीस वर्षांत एकदाही वापरली नव्हती ती भाषा. काकूला दर दहा ओळींना विचारत होते, "हे असं म्हणतात ना गं?" ती झोपेतच "हाव" म्हणत होती.

शनिवार

आजचा घोटाळा सर्वस्वी माझा.

सिनेमाचं मूळ नाव 'व्हँ दिय', शब्दशः वीस देव. फ्रान्सच्या ज्युरा भागातल्या खेड्यांमध्ये आश्चर्य वाटलं, राग आला, पाय घसरला की तोंडातून निघतो तो उद्गार. आपलं "अबे बाप्पा". इंग्रजीत त्याचं 'होली काऊ' केलंय, तोही उद्गारच. पोस्टरसाठी भाऊंनी अर्थ विचारला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत होते. घाईत सांगितलं, होली म्हणजे पवित्र, काऊ म्हणजे गाय, पण तसं नाही हां ते, मी नंतर कळवते. कळवायचं राहिलं. गावात पोस्टर लागलं: 'पवित्र गाय'. खाली लाल अक्षरात 'सहकुटुंब पाहावा'.

त्यात संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस. भाऊंच्या बायकोने या वर्षी वाण म्हणून काय लुटलं, तर शनिवारची तिकिटं. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बरं, म्हणाली. सातला टॉकीज बायकांनी भरलं. नव्या साड्या, गजरे, दोन जणींच्या हातात तर निरांजनाचं ताट. गाय पवित्र म्हटल्यावर पडद्याला ओवाळावं लागेल कदाचित, असा हिशेब. मी घामाघूम. सिनेमाची सुरुवात जत्रेतल्या दारू प्यायलेल्या पोरांपासून होते, पुढे टेबलावर चढून नाच आणि त्याहून जास्तही काही. भाऊ माझ्याकडे बघेनात.

मी माईक घेऊन खरं ते सांगून टाकलं. "आयाबायाहो, हे देवाधर्माचं नाही. अठरा वर्षांचा पोट्टा हाय. दिवसभर उंडारते, रात्री पिते. बाप मेला का त्याच्या गळ्यात सात वर्षांची बहीण पडते. मंग तो चीज बनवायले निघते, कारन चांगल्या चीजले तीस हजार युरो बक्षीस हाय." कोणीतरी विचारलं, युरो म्हणजे किती? मी शंभराने गुणायला सांगितलं, ढोबळ. "तीस लाख? दुधाचे?" ताटं खाली ठेवली गेली. आता कोणी उठणार नव्हतं.

नाच-दारूच्या वेळी हशा, एका नको त्या जागी पदर तोंडाला, पण उठलं कोणी नाही. नंतर गायीची वीण आली. सिनेमातल्या मुलीचा गोठा आहे, ती आणि हा पोरगा मिळून वासरू ओढतात. ते खरं वासरू, खरी गाय. नाटक नाही. त्या दोन-तीन मिनिटांत मी एक ओळही वाचू शकले नाही, कारण टॉकीज बोलत होतं. "पाय दिसले, पाय दिसले." "दोरी बांध ना बे." "कळ येऊ दे, मंग ओढ, असा नोको ओढू." मागून एक म्हातारी उभी राहून पडद्यातल्या मुलीला सांगत होती, "नाक साफ कर त्याचं, नाक." आणि त्या मुलीने केलं. टॉकीजमध्ये जो सुस्कारा सुटला तो मी ठाण्याच्या कुठल्याच मल्टिप्लेक्समध्ये ऐकला नाही.

ही दिग्दर्शिका, लुईझ कुर्व्हाझिए, त्याच ज्युरा भागात वाढलेली. नट-नट्या तिथल्याच खेड्यांतून धरून आणलेल्या, बहुतेकांनी आधी कॅमेरा पाहिला नव्हता. हिरो कोंबड्यांच्या फार्मवर काम करणारा. मुलगी शेतकीचं शिकणारी, तिला २०२५मध्ये फ्रान्सचा सर्वात मोठा सिने-पुरस्कार मिळाला, सेझार, नवोदित अभिनेत्रीचा. मध्यंतरात हे सांगितलं तर बायकांना त्याचं काही नाही. त्यांना सिनेमातलं ते चीज, कोंते, कसं करतात ते हवं होतं. म्हणून ते सांगितलं: एका चाकाएवढ्या चकतीला चारशे लिटर दूध लागतं, चकती भरते चाळीस किलोच्या आसपास, दूध ठरावीक दोन जातींच्याच गायींचं, आणि निदान चार महिने तळघरात मुरवायचं. दूध गावातल्या सहकारी डेअरीत जमतं.

"चारशे लिटर?" एक जण म्हणाली. "आमच्या साऱ्या गावाचं मिळून डेअरीत एवढं जात नाही. अन् गेलं तरी त्यो फॅट लावते तीन."

२००६च्या पंतप्रधान पॅकेजात आपल्या सहा जिल्ह्यांत जास्त दुधाच्या संकरित गायी वाटल्या होत्या. तिच्या सासऱ्यांना एक मिळाली होती. पहिला उन्हाळा तिला पंखा लावला, दुसऱ्या उन्हाळ्याला विकली. हे तिने इतक्या सहज सांगितलं की बाजूच्या चौघी फक्त "हाव" म्हणाल्या.

पडद्यावर पोरगा तांब्याच्या मोठ्या कढईत उघडा हात घालून, कापडाच्या झोळीत फाटलेल्या दुधाचा साका उचलतो. हात कोपरापर्यंत आत. कापडाची कड दातांत धरायची, वाकायचं, आणि तळातून सगळं एका हिसक्यात वर घ्यायचं. पहिल्यांदा सांडतं. तेव्हा माझ्या शेजारची बाई आपल्या दोन्ही हातांची बोटं हवेत तशीच वळवत होती, खाली मांडीवर गजरा सुटून पडलेला.

रविवार

दुपारी शाळेच्या मुलांना 'अं पती त्रुक आं प्ल्यूस' दाखवला, म्हणजे 'थोडं काहीतरी जास्त'. चोरी करून पळालेले बाप-लेक दिव्यांग तरुणांच्या सुट्टीच्या शिबिरात लपतात, असली गंमत. फ्रान्समध्ये एक कोटीवर लोकांनी पाहिला. मुलांनी इतका दंगा केला की माईक बंद करून मीही पाहत बसले. वाचायला काही उरलंच नव्हतं.

मधल्या वेळात भाऊंसोबत चहा. त्यांना एकच गोष्ट हवी होती: फ्रान्समध्ये एवढे सिनेमे निघतात कसे, पैसा कोण देतं? मी सांगितलं. तिथे सीएनसी नावाची सरकारी संस्था आहे, १९४६ची. प्रत्येक तिकिटातले १०.७२ टक्के तिच्याकडे जातात. हॉलिवूडचा पिक्चर असला तरी. त्या पैशातून नवे सिनेमे, नवे दिग्दर्शक आणि लहान गावांची टॉकीजं सुद्धा. जिथे टॉकीज नाही तिथे गाडी जाते, पंचायतीच्या हॉलमध्ये पडदा लावते, एक खेळ दाखवून पुढच्या गावाला.

भाऊ बराच वेळ बशीतला चहा ओतत राहिले. "करमणूक कर आम्हीबी भरला. माह्या बापानं भरला. तो गेला तो गेलाच." मग म्हणाले, "म्हणजे तिथं पिक्चर पाहनाराच पिक्चर काढते." यात्रेतल्या तंबू टॉकीजची आठवण निघाली, ट्रकमधून पडदा, खुंट, जनरेटर. आणि मी त्यांना सांगितलं की ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंच्या माणसाने मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिला खेळ केला तेव्हा तिकीट एक रुपया होतं. त्यांनी लगेच हिशेब केला, तेव्हाचा रुपया म्हणजे आजचे किती. "मंग आपन तीस रुपये लय कमी ठेवले ताई."

रात्री 'सुलेमानची गोष्ट'. गिनीहून आलेला एक तरुण पॅरिसमध्ये सायकलवर जेवण पोचवतो. कागदपत्रं नाहीत म्हणून दुसऱ्याच्या नावाचं खातं भाड्याने घेतलंय. दोन दिवसांनी आश्रयासाठीची मुलाखत आहे, आणि तिच्यासाठी तो पढवून दिलेली खोटी गोष्ट पाठ करतोय. रात्री निवाऱ्याची बस चुकली तर रस्त्यावर झोपायचं.

ही खातं भाड्याने घ्यायची भानगड कशी समजावायची म्हणून मी कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. वाचायला तोंड उघडलं तोच फर्स्टमधून एक पोरगा शेजाऱ्याला म्हणाला, "आयडी भाड्यानं हाय त्याची. मालक हप्ता खाते." सगळ्यांना ऐकू गेलं. मी कागद घडी करून ठेवला. तो पोरगा हिंजवडीला डिलिव्हरी करतो, संक्रांतीला घरी आलेला. पुढचा अख्खा सिनेमा टॉकीजने माझं कमी आणि त्याचं जास्त ऐकलं. "आता तो फेशियल मागन बघा." आणि खरंच, पडद्यावरच्या फोनने चेहरा मागितला, आणि सुलेमान सायकल दामटत खात्याच्या मालकाकडे धावला, त्याचा चेहरा फोनसमोर धरायला.

शेवटची मुलाखत लांब आहे. एक खोली, एक बाई, तिची बोटं कीबोर्डवर. तिथे सारं 'तुम्ही'त चालतं. मी आवाज खाली आणला. नट अबू सांगारे स्वतः गिनीहून आलेला, मेकॅनिकचं शिकलेला, शूटिंगच्या वेळी त्याच्याकडेही कागद नव्हते. २०२४च्या कान चित्रपट महोत्सवात त्याला 'अं सर्तें रगार' विभागात उत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं. हे मी सिनेमानंतर सांगितलं, आधी नाही. आधी सांगितलं असतं तर लोक नटाकडे बघत बसले असते.

सोमवार

आजच्या सिनेमावरून मी आणि भाऊ दोन आठवडे फोनवर भांडलो होतो. 'ओ नों द ला तेर', 'मातीच्या नावानं'. २०१९चा, म्हणजे बाकीच्यांपेक्षा जुना, पण भाऊंना तोच हवा होता. शेतकरी, कर्ज, आणि शेवट काय ते तुम्हाला कळलंच. दिग्दर्शक एदुआर बेर्जोंने स्वतःच्या वडिलांची गोष्ट सांगितलीय. वीसेक लाख लोकांनी पाहिला, आणि पॅरिसपेक्षा खेड्यापाड्यांतल्या टॉकीजमध्ये जास्त चालला.

माझं म्हणणं, हे यवतमाळात दाखवायचं? जिथे १९ मार्च १९८६ची, चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाची आत्महत्या लोक विसरलेले नाहीत, दर वर्षी त्या तारखेला अन्नत्याग करतात, तिथे तीस रुपये घेऊन? भाऊ म्हणाले, विचारतो. त्यांनी खरंच विचारलं. गल्लीत दोन घरं आहेत अशी. एकीने नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. दुसरी म्हणाली, "दाखवा. लोकायचं काय होते ते आमालेबी पाहू द्या."

बाजाराचा दिवस, त्यामुळे आसपासच्या खेड्यांची माणसं होती. पियेर अमेरिकेतून घरी येतो, बापाची शेती घेतो. घेतो म्हणजे व्यवहार करून, कागदावर. पहिली खळबळ तिथेच. "बाप पोराले वावर इकते?" कोणीतरी मोठ्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण एका दमात सांगण्यासारखं नव्हतं. "तिकडं तसं चालते," एवढंच म्हटलं. एका म्हाताऱ्याने निकाल दिला, "मंग तो बाप नाई, सावकार हाय." पुढचा पाऊण तास तो बाप पडद्यावर आला की टॉकीज कुजबुजायचं.

धंदा वाढतो, शेड वाढतात, हप्ते वाढतात. कंपनीसाठी कोंबड्या पाळायचा करार. पियेर टेबलावर बिलं मांडून बसलाय आणि बायको शेजारी उभी, या प्रसंगाच्या सोळा ओळी मी लिहून ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन वाचल्या. मग माईकचं बटण खाली सरकवलं. बिलाच्या कागदाला भाषांतर लागत नव्हतं.

नऊ वाजून गेल्यावर मधल्या रांगेतले तिघं उठले. रोज रात्री हे चालू होतं, आधी मला वाईट वाटायचं, मग काकांनी समजावलं. या आठवड्यात शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची. मोटर चालू करायला, हरभऱ्याला पाणी द्यायला जावंच लागतं, रात्रीच्या पाळीची लाईन हातची गेली की दोन दिवस गेले. तिघं वाकून, पडद्यावर सावली पडू न देता निघून गेले. टॉर्च दाराजवळ पेटल्या.

शेवट झाल्यावर दिवे लावायला काकांनी अंमळ उशीर केला. लोक न बोलता बाहेर आले. पानठेल्यावर खर्रा घोटणारा हात तेवढा चालू. पागोटंवाला एक जण माझ्याजवळ आला.

"तिकडं सरकार सबसिडी देते ना शेतकऱ्याले?"

"देते. युरोपची मिळून देते, बरीच."

"तरी?"

"तरी."

त्यांनी मान हलवली, पिशवी खांद्यावर टाकली आणि शेवटच्या ऑटोत जाऊन बसले.

मंगळवार

सकाळी किराणा दुकानात काकूसाठी गूळ घेत होते. काल उठून गेलेल्या तिघांपैकी एक तिथे होता, डोळे तांबारलेले, पायावर चिखल वाळलेला. "मॅडम, पुढं काय झालं? मेला का तो?"

"हो."

"मंग बरं झालं म्या उठलो," म्हणाला आणि बिडीबंडल घेऊन गेला.

रात्री 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल'. २०२३चा पाम द'ओर, म्हणजे कानचं सर्वात मोठं बक्षीस, आणि त्या सिनेमाला पटकथेचं ऑस्करही. आल्प्सच्या पहाडातलं घर, नवरा वरून पडून मेलेला, बायकोवर खटला, दृष्टी अधू असलेला मुलगा साक्षीदार. मला स्वतःला हा सगळ्यात आवडतो आणि इथे तो सगळ्यात कमी चालला. अडीच तास बोलणं. बर्फात मेलेल्या माणसापेक्षा लोकांना त्या घरात म्हातारं माणूस कोणी कसं नाही याचं नवल जास्त. कुत्र्यावर मात्र सर्वांचं एकमत, काम झकास केलं. नवरा-बायकोच्या भांडणाची टेप कोर्टात वाजते तेव्हा पुढच्या दोन जोडप्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, एवढं मी पाहिलं.

तिने मारलं की तो पडला, हे सिनेमा सांगत नाही. त्यावरून बाहेर चांगलं तासभर जुंपलं. निवृत्त पोलीस पाटील होते, त्यांनी पंचनाम्यातल्या सहा चुका काढल्या. पहिली: "बर्फावरचे पाय कोनं मोजलेच नाई." भाऊ गल्ला मोजत होते. पाच रात्रींचा हिशेब त्यांनी मला सांगितला, तोटा आहे पण फार नाही. शुक्रवारपासून टॉकीज लग्नाला दिलंय, खुर्च्या काढायच्या होत्या.

बुधवार

पहाटेची एसटी. काकूने डब्यात पानगे आणि वांग्याची भाजी दिली, शिवाय तिचा स्वेटर. सिनेमाला ती एकदाही आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. पण गेले चार दिवस माझ्या समासातल्या ओळी तिनेच दुरुस्त केल्या होत्या. 'कारण'चं 'कारन' करून फक्त णचा न केला म्हणजे वऱ्हाडी होत नाही, असं तिने मला तिसऱ्या रात्री ऐकवलं होतं.

गाडीत हिंजवडीचा तो पोरगा. यवतमाळहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जायचं, तोवर मित्राकडे. मांडीवर चौकोनी मोठी बॅग, डिलिव्हरीचीच, आत आईने दिलेलं तुरीच्या डाळीचं पोतडं. दारव्ह्याच्या पुढे धुकं होतं, ड्रायव्हर हॉर्न देत हळू चालवत होता. बराच वेळ पोरगा खिडकीबाहेर बघत होता.

"मॅडम, त्या पोट्ट्याले कागद भेटले का शेवटी?"

सिनेमा मुलाखतीपाशीच संपतो, निकाल दाखवत नाही, हे मी सांगितलं.

"पिक्चरमंधल्याचं नाई. खरा जो हाय त्याले."

तेव्हा सांगितलं. त्याचे अर्ज आधी फेटाळले गेले होते. सिनेमाला बक्षिसं मिळाल्यावर, २०२५च्या जानेवारीत, राहायचा परवाना मिळाला. एका वर्षाचा.

"एकाच वर्षाचा?"

"हो."

त्याने बॅगेचा पट्टा पुन्हा हाताला गुंडाळला. "अन् आता काय, हिरो झाला का तो?"

"नाही. त्याला गॅरेजमध्ये काम करायचं होतं. मेकॅनिक."

"मंग समजदार हाय," तो म्हणाला, आणि बॅगेवर डोकं टेकून यवतमाळ येईपर्यंत झोपला.